सॉकेट : निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवरील हाताळणी

नेटवर्कवरून देवाणघेवाण करण्यासाठी प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमकडून जे टोक मागून घेतो, त्याला सॉकेट म्हणतात. एकच प्रोग्राम युनिक्स घराण्यात आणि विंडोजवर चालवायचा, तर हे टोक जपून हाताळावे लागते.

सॉकेटची फंक्शने १९८३ मध्ये बर्कलीच्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीतून आली. लिनक्स व मॅकओएसने तीच घेतली आणि पॉझिक्स मानकातही ती गेली. विंडोजच्या विनसॉकने (आवृत्ती १.१, १९९३) बर्कलीची बहुतेक नावे जशीच्या तशी ठेवली, आणि मेख तिथेच आहे. नावे वेगळी असती तर कंपायलरनेच हटकले असते. नाव तेच नि वागणूक निराळी, म्हणून चूक थेट चालत्या सर्व्हरवर उमटते.

युनिक्समध्ये सॉकेट हा फाइलसारखाच एक लहान पूर्णांक असतो. विंडोजमध्ये तो ऋण होऊ न शकणारा वेगळाच प्रकार आहे. त्यामुळे ‘शून्याहून कमी म्हणजे बिघाड’ ही युनिक्सवाल्यांच्या हातात बसलेली तपासणी तिथे कधीच लागू पडत नाही. बंद करायला ‘क्लोज’ऐवजी ‘क्लोजसॉकेट’, आरंभी ‘डब्ल्यूएसए-स्टार्टअप’, चूक विचारायला ‘एररनो’ऐवजी ‘डब्ल्यूएसए-गेट-लास्ट-एरर’ : हे फरक पाचपन्नास ओळींच्या हेडर फाइलमध्ये झाकता येतात.

‘एसओ-रीयूजॲड्र’ मात्र असा झाकला जात नाही. सर्व्हर बंद करून लगेच सुरू करताना जुन्या जोडण्यांमुळे पोर्ट अडून राहू नये, म्हणून युनिक्सवर हा पर्याय सर्रास लावतात. विंडोजवर तोच लावला तर चालू सर्व्हरच्या पोर्टवर दुसरा प्रोग्रामही बसू शकतो. तिथे ‘एसओ-एक्सक्लुसिव्हॲड्रयूज’ हवा. पलीकडच्याने बंद केलेल्या जोडणीवर लिहिले, तर युनिक्स ‘सिगपाइप’ हा सिग्नल पाठवून प्रोग्रामच मारते. लिनक्सवर ‘एमएसजी-नोसिग्नल’ने तो टळतो, मॅकओएसवर ‘एसओ-नोसिगपाइप’ने. विंडोजवर हा प्रकारच नाही.

हजारो जोडण्या सांभाळताना तफावत मुळाशी जाते. लिनक्सचे ‘ईपोल’ आणि बीएसडी, मॅकओएसचे ‘केक्यू’ कळवतात की सॉकेट तयार आहे, आता वाचा. विंडोजचे ‘कम्प्लीशन पोर्ट’ कळवते की वाचून झाले. नोड.जेएससाठी लिहिलेल्या लिबयूव्ही या लायब्ररीने प्रोग्रामरला सगळीकडे हा दुसरा, ‘वाचून झाले’चा बाज दिला. युनिक्सवर ‘तयार आहे’ कळताच वाचण्याचे काम लिबयूव्ही स्वतः उरकते.