तीच स्थिती, तिसऱ्यांदा

पनवेल–रोहा मार्गावरच्या जिते स्थानकात गाडीची वाट पाहत एक मुलगा मोबाइलवर बुद्धिबळ खेळत होता. अचानक पडद्यावर बरोबरी जाहीर झाली आणि तो चिडला, "पण मी मागितलीच नव्हती!" त्याच्या तक्रारीत एका नियमाचा सगळा इतिहास आहे.

डावात एकच स्थिती तीनदा आली, तर बरोबरी मागता येते. त्या तीन वेळा लागोपाठ याव्या लागत नाहीत. मात्र चाल त्याच खेळाडूची हवी आणि खेळण्याचे हक्कही तेच हवेत. किल्लेकोटाचा हक्क मधल्या काळात गेला असेल, तर मोहरी त्याच घरांत असूनही ती स्थिती वेगळी ठरते. म्हणजे पट सगळे सांगत नाही. आपल्या देशी खेळातही हेच होते. शह बसलेला नसेल, तर राजाला एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी घेता येई. ती उडी शिल्लक आहे की नाही, हे नुसता पट पाहून कळत नसे. याच देशी खेळात वाढलेल्या मीर सुलतान खान यांनी विलायती नियम शिकून 1929, 1932 आणि 1933 साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले.

ओसरीवरच्या खेळात साक्ष असते ती बघ्यांच्या स्मरणाची. स्पर्धेत तिची जागा कागदाने घेतली. सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळासारख्या संस्थांनी महाराष्ट्रात जो स्पर्धांचा खेळ रुजवला, त्यात चालींची नोंद हाच पुरावा. पुढच्या चालीने स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल, तर ती चाल पटावर न करता आधी कागदावर लिहायची आणि पंचांना बोलवायचे. दावा चुकला तर प्रतिस्पर्ध्याला जादा वेळ मिळतो. 1971 साली ब्युनॉस आयर्सला पेट्रोस्यान वरचढ असताना तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, फिशरनी बरोबरी मागितली आणि हाताशी आलेला डाव अर्ध्या गुणावर सुटला.

मागणी खेळाडूने करायची, हे तत्त्व जागतिक महासंघाने 2014 साली थोडे सैल केले. स्थिती पाचदा आली की कोणी न मागताही डाव बरोबरीत सुटतो. तीनपर्यंत हक्क, पाचला सक्ती.

संगणकाला कागद लागत नाही. 1970 साली अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी एक युक्ती मांडली. बारा प्रकारची मोहरी आणि चौसष्ट घरे मिळून 768 जोड्या होतात. प्रत्येक जोडीला एक यादृच्छिक संख्या द्यायची आणि पटावरच्या जोड्यांच्या संख्या एकत्र करून स्थितीची एकच संख्या काढायची. चाल कोणाची आणि कोणते हक्क शिल्लक, हेही त्यातच मिसळायचे. संख्या जुळली की स्थिती तीच. ही ओळख क्षणात पटते. पण तिचे पुढे काय करायचे, हे गणित सांगत नाही. म्हणून चेस डॉट कॉमवर तिसऱ्या वेळी डाव आपोआप थांबतो, तर लीचेसवर तिसऱ्या वेळी खेळाडूने मागावे लागते आणि पाचव्या वेळी डाव आपोआप संपतो. जित्याच्या मुलाला जे खटकले, ते इथे आहे : मोजणी यंत्राकडे गेली, तशी मागणीही गेली.

यंत्राच्या मोजणीला मर्यादा असतात, हे 30 ऑगस्ट 2020 रोजी दिसले. ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम फेरीत रशियाविरुद्ध नागपूरची दिव्या देशमुख आणि निहाल सरीन यांचा संपर्क तुटला. घड्याळ मात्र चालतच राहिले आणि दोघेही वेळेवर हरले. घड्याळाने आपले काम चोख केले होते. भारताने दाद मागितली. महासंघाचे अध्यक्ष द्वोर्कोविच यांनी दोन्ही देशांना सुवर्णपदक दिले. तो निकाल माणसाने दिला, आणि तो मिळाला तो कोणीतरी दाद मागितली म्हणून.

स्थिती तीच आहे का, हे यंत्राने जरूर सांगावे; आपल्या स्मरणापेक्षा ते भरवशाचे आहे. पण बरोबरी घ्यायची की जिंकण्यासाठी धोका पत्करून वेगळी चाल करायची, हा निर्णयही खेळाचाच भाग आहे. तो खेळाडूच्या हाती ठेवावा.