भास्कराचार्यांची तात्कालिक गती

पाहुणा आला म्हणजे त्याला देवगिरीचा किल्ला दाखवणे हे आपल्या शहराचे ठरलेले काम. त्या किल्ल्याच्या यादव राजांशी एका ज्योतिषी घराण्याचा संबंध होता, हे मात्र आपण पाहुण्याला सहसा सांगत नाही. भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर जैत्रपालाच्या पदरी होता. नातू चांगदेव हा सिंघणाचा दैवज्ञ. कन्नडचा घाट उतरून गेले की चाळीसगावजवळ पाटण आहे. तेथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चांगदेवाने मठ स्थापला. १२०७ मधील तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केला.

तेथे काय शिकवीत असतील? ‘सिद्धान्तशिरोमणि’ तर नक्कीच. ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, आचार्यांनी तो रचला. त्यात चंद्राच्या गतीचा एक नाजूक प्रश्न आहे. चंद्र एखाद्या दिवशी बारा अंश चालतो, तर एखाद्या दिवशी पंधरा. कालच्या आणि आजच्या स्थानांतील अंतर ही झाली दिवसाची स्थूल गती. पण तिथी नेमकी केव्हा संपते हे काढायचे, तर त्या क्षणाची गती हवी. तिला आचार्य तात्कालिक गती म्हणतात.

त्यांनी आलेख काढला नव्हता, आपण काढू. आडवे दिवस, उभे अंश. वक्ररेषेवरील दोन बिंदू जोडले की त्या जोडरेषेचा चढ म्हणजे स्थूल गती. बिंदू जवळजवळ आणत गेलो की जोडरेषा शेवटी वक्राला नुसती स्पर्श करते. तिचा चढ ही तात्कालिक गती. वक्र किती उंचावर आहे याचा वेगाशी संबंध नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. चढ कसा बदलतो, म्हणजे वक्र कोणत्या बाजूला वाकतो, त्यावरून त्वरण कळते.

आता गुरू घ्या. रेषा चढते, सपाट होते, सुमारे चार महिने उतरते आणि पुन्हा चढू लागते. माथ्यावर ग्रह स्तंभी, वेग शून्य. मग त्वरणही शून्य? मुळीच नाही. वक्र तेथेही वाकतोच आहे, म्हणून तर ग्रह मागे फिरतो. उलट वक्री काळाच्या मध्यास, जेथे उतार सर्वांत तीव्र, तेथे वाक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो आणि त्वरण शून्य होते.

आचार्यांचे विधान याच जातीचे आहे. मध्यम आणि स्पष्ट स्थानांतील अंतर, ज्याला ते फल म्हणतात, जेथे सर्वाधिक असते तेथे गतिफल शून्य असते. लल्लाचे मत त्यांनी येथे खोडून काढले. यावरून त्यांना न्यूटनच्या आधीचे न्यूटन म्हणण्याची आपल्याकडे हौस आहे. मला ती पटत नाही. कोणत्याही वक्राला लावता येईल अशी सर्वसाधारण रीत त्यांनी दिली नाही, आणि गतीचे ते गणित मुंजालाने ९३२ मध्येच मांडले होते. मात्र माथ्यावर बदल शून्य का होतो, हे आचार्यांनी पाहिले. आलेखावर पहिलीच नजर तेथे जाते. आलेखाशिवाय ते दिसणे सोपे नव्हते.