जाळ्यावरचा पहारा : बँकेत चोर शिरल्याचे कळते कसे?

बुलढाणा जिल्ह्याचा पैसा मोठ्या प्रमाणावर सहकारातून फिरतो. 'बुलडाणा अर्बन' या पतसंस्थेचे मुख्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, तर चिखली, खामगावसारख्या गावांत नागरी सहकारी बँका उभ्या राहिल्या. सोयाबीन-कापसाच्या हंगामातली उलाढाल आता खतावणीऐवजी संगणकाच्या जाळ्यावर, म्हणजे नेटवर्कवर, नोंदली जाते. या जाळ्यात परका माणूस शिरला तर तो ओळखायचा कसा, याचे सर्वांत महागडे उदाहरण महाराष्ट्रातील सहकारी बँकिंगमध्येच घडले आहे.

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या बनावट कार्डांवर अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. देशातील एटीएममधून आणखी सुमारे अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, 'स्विफ्ट' या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवण्यात आले. एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाख.

एटीएममध्ये कार्ड घातले की पैशांची मागणी 'स्विच' नावाच्या सर्व्हरकडे येते. स्विच ती बँकेच्या मुख्य खातेप्रणालीकडे, म्हणजे कोअर बँकिंगकडे, धाडतो. तेथे शिल्लक तपासली जाते आणि मग होकार वा नकार परत जातो. हल्लेखोरांनी खऱ्या स्विचच्या जोडीला एक बनावट स्विच उभा केला. मागणी मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचलीच नाही. मधल्या तोतयानेच परस्पर 'मंजूर' असे उत्तर दिले. ग्राहकांच्या खात्यांतून एक रुपयाही वजा झाला नाही, आणि म्हणूनच तिजोरीला कुलूप जसेच्या तसे दिसत असताना रक्कम बाहेर पडत राहिली.

घुसखोरी ओळखण्याच्या तंत्राचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. पहिला ओळखखुणांचा. ज्ञात विषाणूंच्या आणि हल्ल्यांच्या खुणांची यादी ठेवायची व जाळ्यावरून जाणारा प्रत्येक संदेश तिच्याशी ताडून पाहायचा. १९९८ मध्ये आलेले 'स्नॉर्ट' हे मोफत साधन याच तत्त्वावर चालते. मात्र यादीत नसलेला चोर त्याला दिसत नाही. दुसरा मार्ग वर्तनाचा आहे. डोरोथी डेनिंग यांनी १९८७ मध्ये त्याची चौकट मांडली. नेहमीचा व्यवहार कसा असतो हे यंत्राला शिकवायचे आणि त्यात खंड पडला की घंटा वाजवायची. एकाच बँकेची शेकडो कार्डे सुटीच्या आसपास डझनावारी देशांत एकदम चालू लागणे, हा असा खंड.

याहूनही जुना उपाय ताळ्याचा. अमेरिकेत बर्कलेच्या प्रयोगशाळेत १९८६ मध्ये क्लिफर्ड स्टोल यांना संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आढळली. तिचा पाठपुरावा करता करता ते थेट जर्मनीतील हेरापर्यंत पोहोचले. कोणत्याही पतसंस्थेतील जुन्या रोखपालाला ही रीत परकी वाटणार नाही. स्विचने दिलेले होकार आणि मुख्य प्रणालीत पडलेल्या नावे नोंदी दर काही मिनिटांनी जुळवल्या, तर मधला तोतया फार काळ लपू शकत नाही. अट एवढीच की दोन्ही नोंदी एकाच सर्व्हरवर, एकाच पासवर्डाखाली नसाव्यात. नाहीतर चोर दोन्ही वह्या सारख्याच लिहितो.

यासाठीच सर्व यंत्रांच्या नोंदी, अर्थात 'लॉग', वेगळ्या ठिकाणी एकत्र करून पडताळणारी 'सीम' प्रणाली वापरली जाते. 'झीक'सारखे साधन जाळ्यावरील प्रत्येक जोडणीची रोजनिशी लिहिते. एटीएमचे, स्विफ्टचे आणि कर्मचाऱ्यांच्या ई-मेलचे जाळे परस्परांपासून तोडून ठेवणे हाही संरक्षणाचाच भाग. साधने पुष्कळ आहेत, त्यांतली अनेक फुकटही मिळतात. खरी उणीव माणसांची. दिवसाला हजारो इशारे येऊ लागले की त्यांतला एक खरा कोणता, हे रात्री दोन वाजता जागे राहून कोण पाहणार?

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये कॉसमॉसवरील हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले.

या घटनेनंतर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी किमान सुरक्षा नियम जारी केले आणि डिसेंबर २०१९ मध्ये डिजिटल सेवांच्या व्याप्तीनुसार बँकांच्या चार श्रेण्या पाडल्या. चौथ्या श्रेणीला स्वतंत्र पहारा केंद्र आवश्यक ठरले. 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार हल्ल्याची खबर सहा तासांत द्यावी लागते व लॉग १८० दिवस जपावे लागतात. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या या नियमांत येत नाहीत, आणि त्यांच्या ठेवींना बँकांप्रमाणे पाच लाखांपर्यंतचे ठेवविमा संरक्षणही नाही.

लहान बँका स्वतःचा स्विच सांभाळत नाहीत, तो बाहेरच्या कंपनीकडे असतो. जुलै २०२४ च्या अखेरीस 'सी-एज टेक्नॉलॉजीज' या पुरवठादारावर खंडणीखोर हल्ला झाला. राष्ट्रीय देयक महामंडळाने खबरदारी म्हणून त्याची जोडणी तोडली आणि सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे यूपीआय, एटीएम व्यवहार थांबले. हल्ला एका ठिकाणी झाला, रांगा मात्र गावोगाव लागल्या. सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशाची चर्चा हमखास रंगते. संस्थेचा स्विच कोणाकडे आहे आणि त्याचे लॉग कोण तपासतो, हे विचारण्याचा अधिकारही सभासदाला त्याच सभेत असतो.