जनकाचा माग

या शनिवारचा विषय जनरेटर.

हा शब्द ऐकला की आमच्या शहरातल्या माणसाच्या कानात एक आवाज सुरू होतो आणि प्रोग्रॅमरला एक ताकीद आठवते. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे, म्हणून ताकिदीपासून सुरुवात करतो. प्रोजेक्टमधल्या काही फाइल्सच्या डोक्यावर लिहिलेलं असतं की ही फाइल आपोआप तयार झाली आहे, हाताने बदलू नका. कारण साधं आहे. दुसऱ्या एका छोट्या फाइलवरून कुठल्यातरी जनरेटरने ती बनवलेली असते. तुम्ही रात्री दोन वाजता तिच्यात ठिगळ लावलंत, तरी पुढच्या बिल्डला ते पुसलं जाणार. चूक इथे दिसते, पण दुरुस्त करायची ती मागे, जिथून हे सगळं आलं तिथे.

प्रोग्रॅम लिहिणारा प्रोग्रॅम ही कल्पना खूप जुनी आहे. १९५१ मध्ये बेटी होल्बर्टन या बाईंनी युनिव्हॅक संगणकासाठी 'सॉर्ट-मर्ज जनरेटर' लिहिला. माहिती कशी मांडलेली आहे आणि कशानुसार लावायची आहे एवढं त्याला सांगायचं, की ती क्रमाने लावण्याचा प्रोग्रॅम तो स्वतः तयार करून द्यायचा. या होल्बर्टनबाई म्हणजे एनिॲकच्या पहिल्या सहा प्रोग्रॅमर मुलींपैकी एक. ग्रेस हॉपर यांनीही आपल्या कंपायलरच्या प्रेरणेचं श्रेय या कामाला दिलं आहे. पुढे सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सनने 'याक' लिहिला. आपल्यापैकी ज्यांनी इंजिनीअरिंगला कंपायलरचा पेपर दिलाय त्यांच्या जखमेवर मीठ नको, म्हणून त्याबद्दल एवढंच :)

मग २००१ साली पायथनच्या २.२ आवृत्तीत आणखी एक जनरेटर आला, 'यील्ड'वाला. हा वेगळ्या स्वभावाचा. सगळं एकदम बनवून ठेवत नाही. मागितलं की एक देतो आणि आहे तिथेच थांबून राहतो, पुन्हा मागेपर्यंत. मागणाऱ्याला आत काय चाललंय ते कळत नाही, कळायची गरजही नसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता घरचा जनरेटर. नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते (१९०५ ते १९८६). ६१७४ या आकड्यामुळे त्यांचं नाव जगभर झालं, पण मला त्यांचं दुसरं काम जास्त आवडतं. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिचेच अंक मिळवा. १५ घेतले तर १५ अधिक १ अधिक ५, म्हणजे २१. कापरेकरांच्या भाषेत १५ हा २१ चा 'जनरेटर'. आपण जनक म्हणू. इथवर पोरखेळ आहे. मजा उलटं जाण्यात आहे. २१ चा जनक कोण? १५. १०१ चा? त्याला दोन जनक, ९१ आणि १००. आणि २० चा? कोणीच नाही! वाटेल तेवढं शोधा, सापडणार नाही. अशा जनक नसलेल्या संख्यांना त्यांनी 'सेल्फ नंबर' म्हटलं, म्हणजे स्वयंभू संख्या. १९६३ मध्ये त्यांनी यावर स्वखर्चाने पुस्तिका छापली. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, आणि मास्तर एकदम जगाच्या नकाशावर आले. तोवर आपल्याकडच्या पुष्कळ विद्वानांना हे आकड्यांचे चाळे वाटत होते. असो.

मला यातली दिशा महत्त्वाची वाटते. जनरेटर पुढे चालवणं सोपं असतं. समोर आलेल्या गोष्टीवर बोट ठेवून 'हिचा जनक कोण' म्हणून मागे जाणं अवघड. म्हटलं, हाच प्रश्न एकदा त्या आवाजवाल्या जनरेटरला विचारून बघू.

त्याची कुळकथा थोडक्यात. १८३१ मध्ये फॅरेडेने तारेजवळ चुंबक हलवला की वीज वाहते हे दाखवलं. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये पिक्सीने हाताने फिरवायचं यंत्र केलं. तेव्हापासून तत्त्व तेच आहे, फक्त फिरवणारा हात बदलत गेला. कधी पाणी, कधी वाफ, कधी डिझेल. (आमच्या पाणचक्कीतही डोंगरातून जमिनीखालच्या नळांनी आणलेलं पाणीच जातं फिरवायचं. तिथे विजेऐवजी पीठ निघायचं, एवढाच फरक.)

त्या वेळच्या औरंगाबादेत माझं शाळेचं वय भारनियमनात गेलं. गुलमंडीपासून पैठण गेटपर्यंत दुकानासमोर एकेक छोटा जनरेटर, शटरला साखळीने बांधलेला. दोरी ओढून पेट्रोलवर सुरू करायचा आणि तापला की रॉकेलवर टाकायचा. लग्नाच्या वरातीत मागे हातगाडीवर मोठा जनरेटर आणि पुढे डोक्यावर दिवे घेतलेली माणसं, सगळी एकाच वायरने जोडलेली. वरात लांबली की वायर ताणली जायची आणि मागचा ओरडायचा, "दादा, हळू!" बाबा दुकानातून घरी आले की त्यांच्या शर्टाला रॉकेलचा वास यायचा. तेव्हा वाटायचं, जनरेटर म्हणजे विजेच्या प्रश्नाचं उत्तर.

आज वाटतं, आपण सगळे आपोआप तयार झालेली फाइल हाताने बदलत बसलो होतो. प्रत्येक दुकान आपापलं ठिगळ लावत होतं आणि रोज नव्या बिल्डला ते पुसलं जात होतं. त्या वर्षांत राज्याचा तुटवडा ४ हजार मेगावॉटच्या वर गेला होता. मागे जायचं तर दाभोळला जावं लागतं. तिथला ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा २००१ मध्ये बंद पडला होता आणि त्याच्या जागी वेळेवर दुसरं काही उभं राहिलं नाही. जून २००५ मध्ये वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. मग भारनियमनाचे तासही गळती आणि वसुली पाहून ठरू लागले. जिथे गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे अंधार जास्त. खेड्यांत बारा-बारा तास. म्हणजे इमानदारीत बिल भरणारा शेतकरीही शेजाऱ्याच्या आकड्याचा दंड भरणार. मला हा हिशेब तेव्हा कळत नव्हता आणि आज पटत नाही.

पुणेकरांनी मात्र २००६ मध्ये एक डोकेबाज गोष्ट केली. शहराला गर्दीच्या वेळी सुमारे ९० मेगावॉट कमी पडत होते आणि तिथल्या कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर पडून होते. कल्पना 'प्रयास' या संस्थेची, पुढाकार उद्योगांच्या सीआयआयचा. कारखान्यांनी त्या वेळेत स्वतःचे जनरेटर चालवायचे आणि वाचलेली ग्रिडची वीज शहराने वापरायची. डिझेलचा जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांच्या बिलात. आयोगाने मान्यता दिली आणि पुण्याचं भारनियमन थांबलं. शाबासकी द्यायलाच हवी. पण पैसे मोजू शकणाऱ्या शहराला उजेड मिळाला आणि मूळ फाइल तशीच राहिली, हेही खरं.

डिसेंबर २०१२ मध्ये गळती जास्त असलेले भाग सोडून बाकी महाराष्ट्र भारनियमनमुक्त जाहीर झाला. (२०१२ चे कापरेकर जनक दोन, १९८७ आणि २००५. करून बघा. योगायोगच, पण मला फार आवडला.) शटरच्या साखळ्या सुटल्या, छोट्या जनरेटरची जागा इन्व्हर्टरने घेतली. आणि दोनच महिन्यांत, फेब्रुवारी २०१३ मध्ये, आपल्या मराठवाड्यातलं परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद पडलं. १,१३० मेगावॉटचं केंद्र. यंत्रं ठीक होती, पाणी नव्हतं. औष्णिक केंद्रात कोळशाइतकंच पाणी लागतं, वाफेला, थंड करायला, राख वाहून न्यायला. आणि ते वर्ष दुष्काळाचं.

आमच्या घरातला दिवा मात्र चालू राहिला. पायथनच्या जनरेटरबद्दल म्हटलं होतं ना, मागणाऱ्याला आतलं कळत नाही? ग्रिड तसंच आहे. बटण दाबलं, वीज आली. ती कुठल्या केंद्रातून आली, कोणतं केंद्र कोरडं पडलंय, हे दिव्याला माहीत नसतं आणि आपल्यालाही. रॉकेलचा वास होता तेव्हा निदान टाकीत किती उरलंय ते तरी कळायचं.

म्हणून मागे जाऊ. परळीला पाणी येतं गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून. खडक्याला ते सोडलं जातं माजलगाव आणि जायकवाडीकडून. जायकवाडीच्या पायथ्याशी पैठणला १२ मेगावॉटचा एक मजेदार संच आहे. तो पाणी खाली येताना वीज बनवतो आणि उलटा फिरवला की पाणी वर चढवतो. पण वर चढवायलाही आधी पाणी हवं. ते येतं नगर-नाशिककडून, आणि वरच्या धरणांनी किती सोडायचं यावरून दर दुष्काळात भांडण होतं. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा २००५ सालचाच. ऑक्टोबर २०२३ मध्ये जायकवाडीसाठी साडेआठ टीएमसीच्या आसपास पाणी सोडायचं ठरलं, तेव्हा त्या यादीत दारणा धरणसमूहही होता.

दारणा नदी देवळालीजवळून वाहते. कापरेकर मास्तरांच्या गावाजवळून.