मैफल, साथ आणि तालीम : उस्तादांचं घर कशावर चालायचं?

अर्धापूरसारख्या गावात एखाद्या मुलानं घरी सांगितलं, "मला तबला शिकायचाय," तर अब्बांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "शिकून पोट भरेल का?" प्रश्न चुकीचा नाही. केळीच्या बागेचा भाव रोज बघणाऱ्या माणसानं तो विचारायलाच हवा. पण त्याचं उत्तर बहुतेक वेळा अंदाजानं दिलं जातं. "झाकीर हुसेन एकच होतो," असं म्हणून विषय संपवतात.

महाराष्ट्रात गेल्या सव्वाशे वर्षांत ज्या मुस्लिम उस्तादांनी शास्त्रीय संगीतात नाव केलं, त्यांच्या आयुष्याकडं नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसते. त्यातले मोठे उस्ताद नुसत्या मैफलींवर जगले नाहीत. त्यांचं काम तीन प्रकारचं होतं : स्वतः गाणं-वाजवणं, दुसऱ्या कलाकारांबरोबर काम करणं आणि शिकवणं. पैसा आणि प्रसिद्धी पहिल्या दोन कामांतून आली. त्यांचं गाणं मात्र तिसऱ्या कामामुळं टिकलं.

अब्दुल करीम खाँ : कैराना ते मिरज

किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना इथला. घर सारंगी आणि गाण्याचं. तरुणपणी ते बडोदा दरबारात गायक होते. नंतर महाराष्ट्रात आले आणि शेवटी मिरजेचे झाले. म्हैसूरच्या दरबारातही त्यांना मान होता.

दरबाराची नोकरी राजाच्या मर्जीवर असते, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. म्हणून त्यांनी तिकीट लावून जलसे केले, गावोगाव दौरे केले, ग्रामोफोनच्या तबकड्या भरल्या. त्या काळात अनेक बुजुर्ग गवय्ये आपलं गाणं तबकडीत द्यायला कचरत होते. खाँसाहेबांनी दिलं, म्हणून आज आपल्याला त्यांचा आवाज मोबाईलवर ऐकता येतो.

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, पुढं मुंबईतही वर्ग सुरू केले. शिष्य तिथंच राहायचे, त्यांच्या खाण्यापिण्याची सोय खाँसाहेब करायचे. हा खर्च जलशांच्या उत्पन्नातून निघायचा. म्हणजे मैफलीची कमाई तालमीला जायची. विद्यालय कायम टिकलं नाही. घरात फाटाफूट झाली, पैशाची ओढाताण होतीच. पण तिथून आणि त्यांच्या घरातून जे शागिर्द बाहेर पडले, त्यांनी पुढची शंभर वर्षं गाजवली.

त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व. सवाई गंधर्वांकडं गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन जोशी शिकले. भीमसेनांनी गुरूंच्या नावानं १९५३ पासून पुण्यात महोत्सव सुरू केला. २००८ साली त्यांना भारतरत्न जाहीर झालं. रोशनआरा बेगम याही खाँसाहेबांच्याच शिष्या. फाळणीनंतर त्या पाकिस्तानात गेल्या आणि तिथं मोठ्या झाल्या. खाँसाहेबांची मुलं सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे हीसुद्धा महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेली नावं. हिराबाईंची पुढची तालीम खाँसाहेबांचे नातलग उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडं झाली.

दुसऱ्यांबरोबर काम करण्यातही ते मागं नव्हते. श्रुतींचा अभ्यास करणारे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांना त्यांनी आपल्या गळ्यातून स्वर दाखवले, म्हणजे शास्त्र मोजायला मदत केली. दक्षिणेत जाऊन कर्नाटक संगीत ऐकलं, आणि त्यागराजांची कृती तबकडीवरही गायली. वाद्यं दुरुस्त करण्याचा त्यांना नाद होता. मिरजेत शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांपासून सतार-तंबोरे बनवण्याची परंपरा चालत आली आहे. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गाणाऱ्याच्या मागं वाद्य बनवणाऱ्याचं घरही उभं असतं, हे विसरून चालत नाही.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांची तब्येत बिघडली. ते वाटेतल्या सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनवर उतरले आणि तिथंच त्यांचा इंतेकाल झाला. दफन मिरजेत, ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात झालं. दरवर्षी उर्साच्या वेळी त्याच दर्ग्यात त्यांच्या आठवणीत संगीत सभा भरते. देशभरातले कलाकार तिथं हजेरी लावतात.

अल्लादिया खाँ : कोल्हापूरचा दरबार आणि मुंबईची तालीम

जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ यांचा जन्म १८५५ चा, राजस्थानातल्या उणियारा इथला. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात ते कोल्हापूर दरबारात गायक होते. १९२२ मध्ये महाराज गेले आणि दरबाराचा आधार कमी झाला. खाँसाहेब मुंबईला गेले. वय सत्तरीकडं झुकलेलं, पण तिथं त्यांनी जी तालीम दिली ती त्यांच्या आयुष्यातलं मोठं काम ठरली. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्या दोघी त्यांच्याकडं घडल्या. त्या आधी भास्करबुवा बखले यांनाही त्यांची तालीम मिळाली होती.

मोगूबाईंनी ते आपली लेक किशोरी आमोणकर यांना दिलं. खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांनी मल्लिकार्जुन मन्सूर यांना शिकवलं. केसरबाईंचं गाणं १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या सोन्याच्या तबकडीवर बसून अंतराळात गेलं. अल्लादिया खाँ १९४६ मध्ये मुंबईत वारले. ज्या बायकांना समाज तेव्हा बरोबरीनं बसवून घ्यायला तयार नव्हता, त्यांना त्यांनी आपली विद्या दिली. आज ते घराणं मुख्यतः त्यांच्याच परंपरेतून ओळखलं जातं.

अल्लारखाँ आणि झाकीर हुसेन : साथीला मान

स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली, दरबार गेले. कलाकारांना नवा आधार मिळाला तो आकाशवाणी आणि सिनेमाचा. तबल्याचे उस्ताद अल्लारखाँ यांनी दोन्हीकडं काम केलं. मुंबई आकाशवाणीवर ते होते आणि ए. आर. कुरेशी या नावानं त्यांनी चित्रपटांना संगीतही दिलं. पुढं रविशंकर यांच्या सतारीला साथ करत ते जगभर फिरले. तबलजी म्हणजे मागं बसणारा माणूस, ही समजूत मोडण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. मुंबईत त्यांनी तबला शिकवणारी संस्थाही उभी केली.

त्यांचे पुत्र झाकीर हुसेन यांचा जन्म ९ मार्च १९५१ चा, मुंबईत माहीमला. लहानपणची दिनचर्या ते मुलाखतींत सांगत : पहाटे तीनला अब्बा उठवायचे, सहापर्यंत तालीम, मग मदरशात कुरआन, मग मिशनची शाळा. ज्या हातांना आपण टाळ्या वाजवल्या त्यांच्यामागं ही पहाट होती.

१९७३ मध्ये त्यांनी गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटमवादक विक्कू विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती' हा गट काढला. २०२४ मध्ये एकाच रात्री त्यांना तीन ग्रॅमी मिळाले, तिन्ही दुसऱ्या कलाकारांबरोबर केलेल्या कामासाठी. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात त्यांनी शिकवलं. दरवर्षी ३ फेब्रुवारीला, वडिलांच्या बरसीला, ते मुंबईत जुन्या-नव्या वादकांना एकत्र आणायचे. १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्को इथं त्यांचं निधन झालं.

आपल्या मराठवाड्यात काय?

नांदेड-लातूरचा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. पुणे-मुंबईसारखी विद्यालयं आणि तिकिटाच्या मैफली इथं उशिरा आल्या. तरीही इथून माणसं घडली. पं. नाथराव नेरळकर नांदेडचे. अण्णासाहेब गुंजकरांकडं त्यांनी तालीम घेतली आणि औरंगाबादेत राहून मराठवाड्याच्या कित्येक मुलामुलींना गाणं शिकवलं. २०२१ मध्ये ते गेले, तेव्हा हळहळणाऱ्यांत त्यांचे शिष्यच जास्त होते. आज नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कलांचा विभाग आहे, आणि शहरात शंकर दरबारसारखा महोत्सव भरतो.

घरच्यांनी काय बघावं?

संगीताबद्दल आपल्या घराघरांत मतं वेगळी आहेत. तो निर्णय ज्याच्या त्याच्या घरचा. पण ज्यांनी मुलाला किंवा मुलीला शिकवायचं ठरवलंय, त्यांनी पुढच्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

- गुरू आधी, परीक्षा नंतर. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद आणि अलंकारपर्यंत असतात. शाळेत किंवा क्लासमध्ये शिकवायचं असेल तर त्या उपयोगी पडतात. पण हात आणि गळा गुरूसमोर बसूनच तयार होतो.
- साथ करायला शिकवा. तबला किंवा हार्मोनियमची चांगली साथ करणाऱ्याला गाणं, कथक, कव्वाली, भजन, नाटक, रेकॉर्डिंग, सगळीकडं काम असतं.
- आकाशवाणीची ऑडिशन द्या. तिथं 'बी', 'बी हाय', 'ए', 'टॉप' अशा श्रेणी असतात. श्रेणी मिळाली की बाहेरच्या कार्यक्रमांतही मान आणि बिदागी वाढते.
- शिष्यवृत्त्यांची चौकशी करा. १० ते १४ वयाच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या सीसीआरटी संस्थेची योजना आहे, १८ ते २५ वयाच्या तरुणांसाठी संस्कृती मंत्रालयाची.
- दहावी-बारावी आणि पदवी सोडू नका. हात तयार व्हायला दहा-बारा वर्षं जातात. तोवर घराला दुसरा आधार हवा.
- शिकवण्याला कमी लेखू नका. "मैफली मिळत नाहीत म्हणून क्लास घेतो," असं काही जण खाली मान घालून सांगतात. अब्दुल करीम खाँ तर मैफली करून शाळा चालवत होते.

अब्बांच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं : नुसत्या मैफलीवर पोट भरणं फार थोड्यांना जमतं. साथ आणि शिकवणं जोडीला असेल तर घर चालू शकतं. आणि मिरजेच्या दर्ग्यात दरवर्षी जे सूर लागतात, ते लावणारे बहुतेक कलाकार खाँसाहेबांच्या रक्ताचे नसतात. ते कुणाच्या तरी शिष्याचे शिष्य असतात.