आन्सीच्या सरोवराकाठचा सपाट मार्ग

फ्रान्सच्या आग्नेय सीमेवर, आल्प्स पर्वताच्या पहिल्या उंच रांगांच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ४४६ मीटर उंचीवर आन्सीचे सरोवर पसरलेले आहे. त्याची लांबी १४ किलोमीटरांहून थोडी अधिक आणि विस्तार सुमारे २७ चौरस किलोमीटर; पूर्वेस तुर्नेतचे कडे, पश्चिमेस सेम्नोचा अरण्यमय डोंगर, आणि उत्तर टोकाला, जेथून तिऊ नावाचा लहानसा प्रवाह सरोवराचे पाणी फिए नदीकडे घेऊन जातो, तेथे आन्सी हे शहर. ज्या प्रदेशात जिकडे पाऊल टाकावे तिकडे चढण लागते, त्या प्रदेशात सरोवराच्या पश्चिम काठाने मैलोगणती जवळजवळ सपाट, मोटारींचा उपसर्ग नसलेली सायकलची वाट जाते, आणि वृद्ध दांपत्यांपासून लहान मुलांपर्यंत सर्व तऱ्हेचे लोक तिच्यावरून विनासायास प्रवास करतात. हा निवांतपणा पाहणाऱ्याला निसर्गदत्त वाटतो. परंतु तो घडवण्यास एक तह, एक रेल्वे कंपनी, कामगारांच्या रजेचा एक कायदा आणि सरोवराच्या पाण्याची काळजी वाहणारा एक डॉक्टर, इतक्यांचे हात लागले आहेत, आणि त्यांपैकी एकाच्याही मनात सायकलस्वार नव्हता.

१८६० पर्यंत हा सव्हॉयचा मुलूख सार्डिनियाच्या राजाच्या अंमलाखाली होता. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात तुरीन येथे झालेल्या तहाने आणि एप्रिलमधील सार्वमताने तो फ्रान्सच्या स्वाधीन झाला, आणि ऑगस्टमध्ये तिसरा नेपोलियन आपल्या नव्या प्रजेला दर्शन देण्यासाठी आन्सीस आला. त्याने शहराला एक वाफेची नौका देऊ केली, तिचे नाव ‘सव्हॉयचा मुकुट’. ती देणगी राजकीय होती हे उघडच आहे. परंतु त्या काळी सरोवर हाच काठावरच्या गावांचा खरा राजमार्ग होता, कारण खडकाळ काठांवरून जाणारे रस्ते अरुंद आणि चढउतारांचे असल्यामुळे जड मालाची ने-आण होडीनेच सोयीची पडे. १८६६ मध्ये एक्स-ले-बँकडून लोहमार्ग आन्सीपर्यंत येऊन पोहोचला, तरी शहराच्या दक्षिणेकडील गावांची स्थिती बरीच वर्षे पूर्वीसारखीच राहिली.

दक्षिणेकडे, सरोवर संपल्यावर, फावेर्ज आणि युजीन या गावांवरून आल्बेरव्हिलकडे जाणारे खोरे आहे. आल्बेरव्हिल हे नगर १८३६ मध्ये राजा चार्ल्स आल्बर्टने दोन जुनी गावे एकत्र करून वसवले आणि त्याला आपले नाव दिले. पुढे फ्रान्सने इटलीच्या सरहद्दीचा बंदोबस्त म्हणून त्याच्या भोवतालच्या डोंगरांवर किल्ले उभारले. अशा ठिकाणाला आन्सीशी लोहमार्गाने जोडणे हे व्यापाराच्या आणि लष्कराच्या, दोन्हींच्या सोयीचे होते. पॅरिस-ल्याँ-भूमध्य समुद्र या विशाल रेल्वे कंपनीच्या जाळ्यातील हा फाटा १९०१ साली वाहतुकीस खुला झाला. त्याच्या आखणीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या कथेचे बीज तिच्यात आहे.

लोखंडी रुळावर चालणारे लोखंडी चाक चढावर घसरते. १८६३ मध्ये आपल्याकडे बोरघाटात लोहमार्ग झाला तेव्हा ३७ फुटांस एक फूट हा चढही इतका भारी ठरला, की गाडीला मागून जादा इंजिने लावण्याची प्रथा तेव्हापासून पडली. हे ज्याने खंडाळ्यापर्यंतच्या प्रवासात पाहिले असेल त्याला आन्सीच्या अभियंत्यांची अडचण सांगावी लागणार नाही. त्यांनी सेव्रिए आणि सँ-जोरिओ या गावांतून काठाच्या सपाट पट्टीचा आश्रय घेतला, जेथे जमीन खाली गेली तेथे भराव घातला, जेथे वर आली तेथे ती कापली, आणि वळणे मंद व लांब ठेवली. मात्र दुअँ या गावापाशी डोंगराची एक सोंड थेट पाण्यात उतरते. तिच्यामुळेच सरोवराचे मोठे व लहान असे दोन भाग झाले आहेत. त्या सोंडेला वळसा घालण्यास काठावर जागा नव्हती, म्हणून तिच्या पोटातून सुमारे २०० मीटर लांबीचा बोगदा खणण्यात आला. याच दुअँचा जुना गढीवजा प्रासाद पॉल सेझानने १८९६ च्या उन्हाळ्यात पलीकडच्या तालोआरच्या काठावरून रंगवला होता. त्या चित्रातील निळ्या-हिरव्या घनगंभीर पाण्यात पाच वर्षांनी सुरू होणाऱ्या आगगाडीची चाहूल नाही, आणि मला ते चित्र म्हणून अधिकच मोलाचे वाटते.

सायकलची कथा त्याच काळात, परंतु निराळ्या ठिकाणी घडत होती. सँतेतिएन या औद्योगिक शहरात पॉल द विवी नावाचा, १८५३ मध्ये जन्मलेला, रेशमाचा व्यापार करणारा गृहस्थ सायकलच्या नादी लागला, धंदा सोडून तिचाच प्रचारक झाला, आणि १८८७ मध्ये त्याने ‘ल सिक्लिस्त’ हे नियतकालिक काढले. वेलोसिओ या टोपणनावाने तो फ्रान्सभर ओळखला जाऊ लागला. शाकाहारी, एस्पेरांतो भाषेचा उपासक, पहाटेपूर्वी निघून शेकडो किलोमीटर जाणारा असा हा मनुष्य. तरी त्याच्या उपदेशाचे सार शर्यतीच्या अगदी उलट होते. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, अन्नाची वासना व झोप नाहीशी होईल इतका देह शिणवू नये, आणि केवळ अहंकारापोटी कधीही पॅडल मारू नये, असे तो शिष्यांना सांगे. सायकलवरून केलेल्या पर्यटनाला एक स्वतंत्र साधना म्हणून फ्रान्समध्ये प्रतिष्ठा मिळाली, ती मुख्यतः त्याच्यामुळे.

डोंगराळ प्रदेशाच्या दृष्टीने त्याचे दुसरे कार्य याहूनही महत्त्वाचे आहे. एकाच गिअरच्या सायकलीवर आल्प्सचा घाट चढणे हे पहिलवानाचे काम होते. सामान्य माणसाला उतरून ती ढकलावी लागे. प्रवास करताना चढाप्रमाणे गिअर बदलता आला पाहिजे असा आग्रह वेलोसिओने आयुष्यभर धरला, निरनिराळ्या रचना स्वतः चालवून पाहिल्या, आणि त्यांचे गुणदोष आपल्या पत्रात छापले. टूर द फ्रान्स या शर्यतीचे संस्थापक आँरी देग्राँज यांचे मत नेमके विरुद्ध होते. यंत्राने चढ सोपा केला तर शर्यतीत मनुष्याच्या बळाची परीक्षा उरत नाही असे ते मानीत, आणि साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्या चक्रावर नेणाऱ्या गिअरला त्या शर्यतीत १९३७ पर्यंत मज्जाव होता. म्हणजे हौशी प्रवासी कित्येक वर्षे जे साधन वापरीत होते ते जगातल्या सर्वांत ख्यातनाम स्पर्धकांना वापरता येत नव्हते. वेलोसिओने हा मज्जाव उठलेला पाहिला नाही. १९३० च्या फेब्रुवारीत ट्रॅमच्या धडकेने झालेल्या अपघातात त्याचा अंत झाला.

१९३६ हे वर्ष फ्रान्सच्या सामान्य माणसाच्या इतिहासात फार मोठे. लेआँ ब्लुम यांच्या सरकारने कामगारांना वर्षात दोन आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा केला, आणि ज्यांनी समुद्र किंवा पर्वत कधी पाहिले नव्हते अशी कुटुंबे कारखान्यांच्या गावांतून बाहेर पडली. कोणी सवलतीच्या तिकिटाने आगगाडीत, तर कोणी दोघांच्या जोडसायकलीवर तंबू बांधून. सरोवरांचे काठ, जे तोवर श्रीमंतांच्या हवापालटाची जागा होते, ते प्रथमच या नव्या पाहुण्यांना मोकळे झाले. दैवदुर्विलास असा की, सर्व कंपन्या एकत्र करून राष्ट्रीय रेल्वे स्थापन झाली त्या १९३८ सालीच मोटारबसशी स्पर्धा न परवडणाऱ्या अनेक फाट्यांवरील प्रवासी गाड्या बंद करण्यात आल्या, आणि आन्सी-आल्बेरव्हिलचा फाटाही त्यात गेला. मालगाड्या पुढे काही काळ चालल्या, मग त्याही टप्प्याटप्प्याने थांबल्या. रूळ उखडले गेले. परंतु भराव, खोदाई, मंद वळणे आणि दुअँचा बोगदा जिथल्या तिथे राहिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर काठावर घरे, हॉटेले आणि मोटारी भराभर वाढल्या, आणि सांडपाणी सरळ सरोवरात सोडले जाऊ लागले. पॉल सेर्वेताझ नावाच्या स्थानिक डॉक्टरांनी पाण्याचा होत चाललेला नाश लोकांच्या व अधिकाऱ्यांच्या नजरेस आणून दिला, आणि त्यांच्या चिकाटीमुळे १९५७ मध्ये काठावरच्या नगरपालिकांनी एकत्र येऊन एक संयुक्त मंडळ स्थापन केले. या मंडळाने सरोवराला वेढणारी एक नळवाहिनी बांधून गावोगावचे सांडपाणी सरोवराबाहेर, शुद्धीकरणाच्या ठिकाणी नेण्याची योजना हाती घेतली. आज हे सरोवर युरोपातील अत्यंत स्वच्छ जलाशयांत गणले जाते. सायकलच्या वाटेशी या गोष्टीचा संबंध दूरचा भासेल. मला तो निकटचा वाटतो, कारण गावागावांनी आपापल्या हद्दी विसरून सरोवराचा एकत्र विचार करावयाचा, ही सवय त्यांना या नळवाहिनीने लावली, आणि त्या सवयीवाचून अनेक गावांच्या जमिनीतून जाणारी एक अखंड वाट सिद्ध होणे कठीण होते.

जुन्या लोहमार्गाची पट्टी हळूहळू सायकलींसाठी तयार झाली, आणि पुढे फावेर्जच्या खोऱ्यातून युजीन-आल्बेरव्हिलच्या दिशेने वाढत गेली. आन्सीहून निघाल्यावर प्रथम सेव्रिए लागते, जेथे पाकार घराण्याची घंटांची ओतशाळा आहे. पॅरिसच्या साक्रे-केर मंदिरातील ‘ला सव्हॉयार्द’ ही प्रचंड घंटा याच घराण्याने ओतलेली. मग सँ-जोरिओ, मग दुअँचा बोगदा, जेथे उन्हातून एकदम थंड काळोखात शिरावे आणि पलीकडे लहान सरोवराच्या दर्शनाने बाहेर पडावे. शेवटी दुसार, जेथे १९७४ पासून संरक्षित असलेला पाणथळ प्रदेश आहे. ज्या चढाला इंजिन भ्यायले त्या चढाचा मागमूस येथे कोठे नाही, आणि ज्याला वेलोसिओचे गिअर नाहीत त्यालाही ही वाट अडवीत नाही.

पूर्वेच्या काठावर लोहमार्ग कधी गेलाच नाही. तेथे माँताँ, तालोआर, व्हेरिए ही गावे आहेत. तालोआर हे क्लोरीनने कापड पांढरे करण्याची रीत शोधणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ बेर्तोलेचे जन्मगाव. परंतु जुन्या खोदाईचा व भरावाचा वारसा त्या गावांना लाभला नाही. तालोआरच्या आसपास रस्ता बराच वर चढून पुन्हा खाली उतरतो, मोटारी जवळून जातात, आणि सायकलींसाठी वेगळी जागा कडा आणि बागांच्या भिंती यांच्या मधून तुकड्यातुकड्याने मिळवावी लागते. २००९ मध्ये टूर द फ्रान्सच्या स्पर्धकांनी घड्याळाविरुद्ध याच सरोवराभोवती सुमारे ४० किलोमीटरांची शर्यत पुरी केली, तेव्हा त्यांच्यासाठी रस्ते मोटारींना बंद होते. इतर दिवशी संपूर्ण प्रदक्षिणा करू पाहणाऱ्या प्रवाशाला मोटारींच्या शेजारूनच जावे लागते; म्हणून अनुभवी मंडळी पूर्वेचा टप्पा सकाळी लवकर, वाहतूक विरळ असताना आटोपतात आणि पश्चिमेचा सपाट मार्ग दुपारसाठी राखून ठेवतात.