विद्यापीठातले ज्यू विद्यार्थी आणि यहूदीद्वेष : आपल्या घरांसाठी थोडी माहिती

गाझाच्या बातम्यांबरोबर अमेरिकेतल्या विद्यापीठांची नावंही आता आपल्या घरांत ओळखीची झाली आहेत. कोलंबिया, हार्वर्ड, कॉर्नेल. तिथल्या आंदोलनांचे व्हिडिओ मोबाईलवर येतात आणि त्यांच्यासोबत एक शब्द येतो : अँटिसेमिटिझम, म्हणजेच यहूदीद्वेष. 'पॅलेस्टाईनचा आवाज दाबायचा हा बहाणा आहे' असं म्हणून आपल्यातले बरेच जण तो शब्द सोडून देतात. त्याचा तसा वापर होतोही. पण हा आजार गाझाच्या युद्धाच्या कितीतरी आधीचा आहे आणि खरा आहे. आपली मुलं शिकायला परदेशात जातात, तिथे वर्गात, होस्टेलात ज्यू मुलं त्यांच्यासोबत असतात. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

शब्दाचा अर्थ

एखादी व्यक्ती ज्यू आहे एवढ्याच कारणावरून तिचा तिरस्कार करणं, तिला अडवणं, किंवा जगातल्या वाईट गोष्टींचं खापर सरसकट सगळ्या ज्यूंवर फोडणं म्हणजे यहूदीद्वेष. 'अरबही सेमिटिक, मग ते यहूदीद्वेष्टे कसे?' असा मुद्दा आपल्याकडे काही जण मांडतात. पण १८७९ च्या सुमारास जर्मनीत हा शब्द रूढ झाला तेव्हापासून त्याचा रोख फक्त ज्यूंवर आहे.

विद्यापीठाच्या दारावर

१९२० मध्ये हंगेरीने कायदा करून विद्यापीठांतली ज्यूंची संख्या साधारण सहा टक्क्यांवर आणली. जर्मनीत एप्रिल १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर येऊन तीन महिने होतात न होतात तोच, नव्या प्रवेशांत ज्यूंना दीड टक्क्याची मर्यादा घातली गेली. पोलंडमध्ये १९३७ पासून विद्यापीठांना ज्यू विद्यार्थ्यांसाठी वर्गात वेगळी बाकं ठेवायची सरकारी परवानगी मिळाली. अनेक ज्यू मुलांनी त्या बाकांवर बसायला नकार दिला आणि उभं राहून व्याख्यानं ऐकली. काही पोलिश प्राध्यापकही त्यांच्यासोबत उभे राहिले.

अमेरिकेत असा कायदा नव्हता, पण अडवणूक होतीच. १९२२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांवर पंधरा टक्क्यांची मर्यादा सुचवली. उघड कोटा प्राध्यापकांनी नाकारला. मग फोटो, मुलाखत, 'चारित्र्य' असे निकष आले. अर्जात एक प्रश्न असे : तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात जन्मानंतर काही बदल झाला आहे का? नावावरून माणूस ओळखायचा आणि दार लावून घ्यायचं, हा प्रकार आपल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही. भाड्याने घर शोधताना तो अनेकांनी अनुभवला आहे.

अमेरिकेतल्याच एमरी विद्यापीठाच्या दंतवैद्यक कॉलेजात १९४८ ते १९६१ या काळात ज्यू विद्यार्थ्यांना मुद्दाम नापास केलं गेलं. विद्यापीठाने त्याबद्दल २०१२ मध्ये माफी मागितली. १९५० च्या दशकात ज्यूंचे प्रवेश रोखल्याची माफी स्टॅनफर्डने २०२२ मध्ये मागितली.

कॅम्पसवरचं रोजचं जीवन

ज्यू विद्यार्थ्यांच्या अडचणी आपल्या मुलांना ऐकूनच ओळखीच्या वाटतील. खाणं कोशर हवं, म्हणजे डुक्कर नाही आणि जनावर ठरलेल्या पद्धतीने कापलेलं हवं. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र होईपर्यंत शब्बाथ. त्या वेळात धर्म पाळणारी मुलं लिहीत नाहीत, त्यामुळे शनिवारच्या परीक्षेची पंचाईत होते. योम किप्पूरला अन्नपाणी सोडून रोजा असतो. डोक्यावर किप्पा, म्हणजे छोटी टोपी.

या मुलांना आधार म्हणून १९२३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात 'हिलेल' ही संस्था सुरू झाली. आज शेकडो कॅम्पसवर तिचं काम चालतं. शुक्रवारचं जेवण, सण, इबादत, घरापासून दूर आलेल्या मुलांना बसायला जागा. डार्टमथ कॉलेजात तर २००१ पासून कोशर आणि हलाल जेवणाची सोय एकाच भोजनगृहात आहे.

ऑक्टोबर २०२३ नंतर

७ ऑक्टोबरचा हमासचा हल्ला आणि त्यानंतर गाझात झालेला संहार, यांचे पडसाद कॅम्पसवर उमटले. कॉर्नेलमध्ये एका विद्यार्थ्याने ज्यू विद्यार्थ्यांना ठार मारण्याच्या, कोशर भोजनगृहात गोळीबार करण्याच्या धमक्या इंटरनेटवर टाकल्या. त्याला २१ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच नोव्हेंबरात व्हरमॉन्ट राज्यात तीन पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांवर रस्त्यात गोळ्या झाडल्या गेल्या, त्यातल्या दोघांच्या गळ्यात केफिया होता. एकाला छातीखाली अर्धांगवायू झाला.

हार्वर्डने दोन समित्या नेमल्या. एक यहूदीद्वेष आणि इस्रायलींविषयीच्या पूर्वग्रहावर, दुसरी मुस्लिम, अरब आणि पॅलेस्टिनींविषयीच्या पूर्वग्रहावर. दोन्ही अहवाल एप्रिल २०२५ मध्ये एकाच दिवशी आले. राजकीय मत मांडलं तर शिक्षणात किंवा नोकरीत फटका बसेल, ही भीती पाहणीत ९२ टक्के मुस्लिमांनी आणि ६१ टक्के ज्यूंनी बोलून दाखवली. घाबरलेले दोन्हीकडे होते.

सगळे ज्यू विद्यार्थी एकाच बाजूला होते असंही नाही. कोलंबियाने नोव्हेंबर २०२३ मध्ये पॅलेस्टाईनच्या बाजूच्या ज्या दोन विद्यार्थी संघटनांवर बंदी घातली, त्यातली एक ज्यूंची होती. एप्रिल २०२४ मध्ये आंदोलनाच्या तंबूंमध्येच ज्यू मुलांनी पासओव्हरचं जेवण केलं. त्याच कॅम्पसवर दुसऱ्या काही ज्यू मुलांना शिव्या ऐकाव्या लागल्या, 'पोलंडला परत जा' असं ऐकावं लागलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

टीका आणि द्वेष यांतली रेघ

इस्रायल सरकारवर टीका करणं, बॉम्बहल्ल्यांचा निषेध करणं, पॅलेस्टिनींचे हक्क मागणं हा यहूदीद्वेष नाही. पण वर्गातल्या ज्यू मुलीला 'आधी गाझाबद्दल माफी माग' म्हणणं, हिलेलच्या इमारतीवर दगड मारणं, 'जगातला सगळा पैसा यांच्याच मुठीत' म्हणणं, हिटलरची तारीफ करणं, हा यहूदीद्वेषच. आपल्याकडच्या काही फॉरवर्डमध्येही अशी वाक्यं फिरतात, ती थांबवायला हवीत.

काही ठिकाणी रेघ खरोखरच वादाची आहे. २०१६ ची आयएचआरए व्याख्या इस्रायलवरच्या काही टीकेलाही द्वेषाच्या उदाहरणांत धरते. त्यावर आक्षेप घेणाऱ्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये 'जेरुसलेम जाहीरनामा' काढला. त्यांच्यात ज्यू अभ्यासकही बरेच आहेत.

कायदा कुणाचा?

अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं कलम सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना वंश, रंग आणि मूळ देश यांवरून भेदभाव करायला मनाई करतं. त्यात धर्माचा शब्द नाही. पण समान वंशपरंपरेच्या आधारावर ज्यू, मुस्लिम आणि शीख विद्यार्थ्यांनाही हे संरक्षण मिळतं, असा अर्थ लावला गेला आहे. म्हणजे ज्या कलमाखाली ज्यू मुलगा तक्रार करतो, त्याच कलमाखाली हिजाब ओढला गेलेली मुलगीही करू शकते.

त्याचा राजकीय वापरही दिसला. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने यहूदीद्वेषाचं कारण देत कोलंबियाचा ४० कोटी डॉलरचा निधी रोखला आणि तिथला पॅलेस्टिनी कार्यकर्ता महमूद खलील याला अटक केली. त्याच्या अटकेच्या निषेधात ज्यू विद्यार्थ्यांनी कोलंबियाच्या फाटकाला स्वतःला साखळीने बांधून घेतलं होतं.

आपल्या मुलांना काय सांगायचं?

मराठी मुस्लिमांना ज्यू परके नाहीत. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे 'शनवार तेली', मराठीच बोलत आले. मुंबईत भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेत आज बहुतेक मुलं मुस्लिम आहेत.

कुठेतरी स्फोट झाला की आपल्या मुलाकडे वर्गात बोट दाखवलं जातं, 'तुमचे लोक' म्हटलं जातं, तेव्हा आपल्याला ते जुलूम वाटतं. ते जुलूमच असतं. मग इस्रायलच्या सरकारचा हिशोब न्यूयॉर्कमधल्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडे मागायचा नाही, हे मुलांना घरातच शिकवलेलं बरं. पॅलेस्टाईनसाठी बोलायचं तर नक्की बोलावं, मोठ्याने बोलावं. पण निशाणा जुलूम करणाऱ्यावर असावा, शेजारच्या बाकावर बसणाऱ्यावर नाही.